सुमतीबेन मोरारजी, सिंदियाच्या आगबोटी आणि कोकण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात जुन्या आगबोटींचा विषय निघाला की थोड्याच वेळात कुणीतरी विचारतं, ‘पण या बोटी होत्या कुणाच्या?’ उत्तरात एका बाईचं नाव येतं आणि मग प्रश्न थांबत नाहीत. वाचनालयांतल्या गप्पांत, शाळांमध्ये, मुंबईकर चाकरमान्यांच्या मंडळांत जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या गोष्टी दोन ओळींत सांगून संपत नाहीत.

सुमतीबेन मोरारजी म्हणजे नक्की कोण?

सिंदिया स्टीम नेव्हिगेशन या जहाज कंपनीचा कारभार अनेक दशकं हातात असलेली बाई. जन्म १३ मार्च १९०९, मुंबईत. १९५६ मध्ये भारतीय जहाजमालकांच्या संघटनेने त्यांना अध्यक्ष निवडलं. जहाजमालकांच्या संघटनेचं अध्यक्षपद मिळालेली ही जगातली पहिली स्त्री असं मानलं जातं. पुढची दोन वर्षं आणि नंतर १९६५ मध्ये त्यांनाच पुन्हा निवडलं गेलं. १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २७ जून १९९८ रोजी त्यांचं निधन झालं.

मोरारजी देसाईंशी काही नातं?

नाही. देसाईंचं ते स्वतःचं नाव होतं. इथे मोरारजी हे आडनाव आहे आणि ते सुमतीबेनच्या आजेसासऱ्यांच्या नावावरून आलं.

माहेर कुठलं, सासर कुठलं? पैसा आला कुठून?

दोन्हीकडचा पैसा कापसाचा, म्हणजे गिरण्यांचा. वडील मथुरादास गोकुळदास मुंबईतले गिरणीमालक, आई प्रेमाबाई. माहेरी मुलीचं नाव जमना ठेवलं होतं. त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न लहानपणीच झालं. नवरा शांतिकुमार, शेठ नरोत्तम मोरारजींचा एकुलता एक मुलगा. सुमती हे नाव सासरचं.

सासरचे मूळ पुरुष मोरारजी गोकुळदास. मुंबईतली त्यांच्या नावाची गिरणी आणि सोलापूरची ‘जुनी गिरणी’ ही त्यांची कामगिरी. त्या मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या माणसांच्या पिढ्याच्या पिढ्या राबल्या. त्यामुळे कोकण आणि हे घराणं यांचं नातं बोटींच्याही आधीचं आहे, आणि ते मालक-मजुराचं होतं. या संपत्तीचा हिशेब मांडताना साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, उभ्या असलेल्या माणसाचा घाम त्यात धरावाच लागतो. मग दानाबद्दल बोलावं.

सिंदिया म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंद्यांची कंपनी का?

कंपनी त्यांची नव्हती, पण नावाचं मूळ तिकडचंच. पहिल्या महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरलेलं ‘लॉयल्टी’ हे जहाज ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांकडून विकत घेण्यात आलं आणि १९१९ मध्ये कंपनी उभी राहिली ती सिंदिया नावाने. पुढाकार नरोत्तम मोरारजी, वालचंद हिराचंद, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांचा. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात तो यामुळे. रत्नागिरीच्या किंवा देवगडच्या शाळेत हा दिवस साजरा होतो, तेव्हा मुलांना एवढी गोष्ट तरी सांगावी.

पुढची वाट सोपी नव्हती. समोर लॉर्ड इंचकेप यांची ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी होती. तिने दर पाडून सिंदियाला जेरीस आणलं. १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. त्यात सिंदियाने किनाऱ्यावरची आणि ब्रह्मदेश-सिलोनकडची मालवाहतूक तेवढी करायची, जहाजांची एकूण क्षमताही ठरलेल्या मर्यादेत ठेवायची, असं बांधून घेतलं. अनेकांना ही शरणागती वाटली. मला वाटतं, तो करार झाला नसता तर कंपनी त्याच दशकात बुडाली असती. तोपर्यंत उभ्या राहिलेल्या बहुतेक देशी जहाज कंपन्यांचं तेच झालं होतं. नरोत्तम शेठ १९२९ मध्ये गेले आणि सूत्रं वालचंद हिराचंद यांच्याकडे आली.

या सगळ्याचा कोकणाशी संबंध काय?

संबंध आहे तो बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीमुळे. मुंबई ते गोवा किनाऱ्यावर प्रवासी बोटी चालवणारी ही जुनी कंपनी किलिक निक्सन या इंग्रजी पेढीच्या हातात होती. १९३९ मध्ये ती सिंदियाकडे आली. पुढे ती सिंदियात विलीन झाली आणि १९५३ मध्ये प्रवासी व फेरी सेवेसाठी त्याच नावाची वेगळी कंपनी काढण्यात आली. सुमतीबेनच्या हाती कारभार आला १९४६ मध्ये. म्हणजे तुमचे आजी-आजोबा १९४०-५० च्या दशकांत ‘कंपनीच्या बोटीने’ मुंबईला गेले असतील, तर त्या कंपनीच्या मुख्य कचेरीत, बॅलार्ड इस्टेटमध्ये, ही बाई बसत होती.

बोटीचं महत्त्व आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. रेल्वे नव्हती. रस्ता होता तो घाट, खाड्या आणि तरींनी तुटलेला. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीकडे जायची. बहुतेक ठिकाणी ती धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगरायची आणि माणसं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, तिच्यापर्यंत जायची. रात्रीच्या अंधारात, हेलकावणाऱ्या पडावातून, एका हाताने लेकरू आणि दुसऱ्या हाताने दोर धरून बोटीच्या शिडीवर चढणाऱ्या बायका हे त्या काळचं नेहमीचं दृश्य. वर गेल्यावर डेकवर सतरंजी पसरायची, बोट लागू नये म्हणून लिंबू किंवा आवळासुपारी तोंडात धरायची आणि सकाळची वाट बघायची. याच बोटींतून आंब्याच्या पेट्या मुंबईला गेल्या आणि मुंबईहून गावाकडे कापडचोपड आलं. पावसाळ्यात बोट बंद. मग आषाढात घरी कुणी दगावलं तरी मुंबईचा मुलगा वेळेवर पोचेल याची खात्री नसे.

चंपावती, रोहिणी, चंद्रावती, रोहिदास ही या मार्गावरच्या बोटींची नावं आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत, घरातल्या लेकीसुनांची नावं घ्यावीत तशी.

मग ‘रामदास’ बोट त्यांचीच होती ना?

नाही. हा गैरसमज मुळापासून काढायला हवा. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ वादळात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ती इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन कंपनीची बोट होती. परदेशी कंपनीला तोंड द्यायला स्वदेशीच्या ऊर्मीतून उभी राहिलेली ही कंपनी किनाऱ्यावर ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून ओळखली जाई. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी एकाच दिवशी बुडालेल्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ याही त्याच परंपरेतल्या. ज्यांच्या घरची माणसं या बोटींबरोबर गेली, त्यांच्याशी बोलताना तरी कंपन्यांची नावं अदलाबदल करू नयेत.

वारसदार होत्या म्हणूनच खुर्ची मिळाली, असं म्हणतात. ते खरं आहे का?

दार उघडलं ते वारशाने, यात शंका नाही. १९२० च्या दशकात, अगदी तरुण वयात, त्यांना कंपनीच्या व्यवस्थापनात घेतलं गेलं. सून म्हणूनच घेतलं. त्या काळी दापोलीच्या किंवा गिरगावातल्या कुठल्याही हुशार मुलीला ती संधी मिळाली नसती. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पण दाराच्या आत काय होतं तेही पाहावं. गिरणीमालकांच्या घरांत सुना पुष्कळ होत्या, जहाज कंपनी चालवायला एकीलाच दिली गेली. नरोत्तम शेठनी सुनेची बुद्धी ओळखली आणि तिला कचेरीचं काम शिकू दिलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. १९४६ मध्ये पूर्ण कारभार आला तेव्हा सहा हजारांवर माणसं हाताखाली होती. जहाजाचा कप्तान पुरुष, एंजिनिअर पुरुष, गोदीतला मुकादम पुरुष, सरकारी अधिकारी पुरुष, लंडनमध्ये भाड्याचे दर ठरवणारे सगळे पुरुष. अशा जगात ही साडी नेसलेली बाई टनेज, मालभाडं आणि विम्याच्या अटी यांवर बोलत होती. त्यांच्या काळात सिंदियाचा ताफा ४३ जहाजांवर आणि सुमारे ५ लाख ५२ हजार टन वजनक्षमतेपर्यंत गेला. नुसत्या वारशावर एवढं होत नाही.

आणि तो काळही साधा नव्हता. कारभार हाती घेतल्यावर वर्षभरात फाळणी झाली. सिंधमधून निघालेल्या निर्वासितांना समुद्रमार्गे भारतात आणण्याच्या कामात सिंदियाची जहाजं होती आणि त्या कामात सुमतीबेननी जातीने लक्ष घातलं. त्याच सुमारास विशाखापट्टणमला कंपनीचा कारखाना जहाज बांधत होता. १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या त्या कारखान्यातलं ‘जल उषा’ हे पहिलं जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी पाण्यात सोडलं. पुढे सरकारने तो कारखाना घेतला. आजचं हिंदुस्तान शिपयार्ड ते हेच.

गांधीजी त्यांच्याकडे राहायला असत, ही दंतकथा आहे का?

नाही, नोंदलेला इतिहास आहे. १९२४ मध्ये ससून रुग्णालयातल्या शस्त्रक्रियेनंतर तुरुंगातून सुटका झाल्यावर गांधीजी विश्रांतीसाठी जुहूला नरोत्तम मोरारजींच्या बंगल्यात राहिले. वीस वर्षांनी, मे १९४४ मध्ये, आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर ते पुन्हा जुहूलाच आले, तेव्हा घर शांतिकुमार आणि सुमतीबेन यांचं होतं. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा दोघंही त्या कैदेतच वारले होते आणि गांधीजी स्वतः मलेरियाने खंगले होते. अशा माणसाला समुद्राकाठी शांतपणे ठेवून घेणं, त्यांना भेटायला लोटणाऱ्या गर्दीचं बघणं, हे घरच्या बाईवर पडणारं काम होतं. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कामालाही सुमतीबेनची साथ होती.

या घराण्याचं दान म्हणजे नेमकं काय?

तीन गोष्टी ठळकपणे सांगता येतात.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची म्हणजे नरोत्तम मोरारजी इन्स्टिट्यूट ऑफ शिपिंग. सासऱ्यांच्या नावाने मुंबईत उभी केलेली ही संस्था जहाजधंद्याचं शिक्षण देते : मालभाडं, चार्टरिंग (जहाज भाड्याने घेणं-देणं), सागरी कायदा, विमा, बंदराचं व्यवहारशास्त्र. कोकणी माणसाला बोट पाठ होती. दाभोळ, बाणकोट, रत्नागिरीकडच्या हिंदू आणि मुसलमान घरांतले खलाशी, तांडेल, सारंग जगातल्या प्रत्येक बंदरात पोचले होते. पण डेकवरून कचेरीत जाण्याची वाट त्यांना बंद होती, कारण कचेरीतलं काम शिकवणारं कुणी नव्हतं. ज्या घराने जहाजांवर पैसा मिळवला, त्याने ते ज्ञान धंद्याबाहेरच्या मुलांना खुलं केलं, हे मला देवळाच्या कळसापेक्षा मोठं दान वाटतं.

दुसरी म्हणजे जुहूची सुमती विद्या केंद्र ही शाळा.

तिसरी गोष्ट श्रद्धेपोटी केलेल्या मदतीची. सुमतीबेन कृष्णभक्त, वैष्णव घरातल्या. १९६५ मध्ये भक्तिवेदांत स्वामी प्रभुपाद त्यांच्याकडे आले. भागवताच्या तिसऱ्या खंडाच्या छपाईला त्यांनी आधीच पैसे दिले होते. आता स्वामींना अमेरिकेला जायचं होतं. वय ६८. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला मालवाहू जहाजावरून पाठवायला त्या आधी तयार नव्हत्या. स्वामी हटून बसले तेव्हा त्यांनी ‘जलदूत’ जहाजावर मोफत जागा दिली. १३ ऑगस्ट १९६५ रोजी कोलकात्याहून ते जहाज निघालं, वाटेत स्वामींना हृदयविकाराचे झटके आले, आणि सप्टेंबरात ते न्यूयॉर्कला पोचले. पुढच्या वर्षी इस्कॉनची स्थापना झाली. कंपनीच्या हिशेबात हे एक तिकीट होतं.

कोकणाला त्यांनी काय दिलं? इथे दवाखाना, धर्मशाळा का नाही बांधली?

या प्रश्नामागे थोडी नाराजी असते आणि ती मला समजते. कुटुंबाच्या नावाजलेल्या संस्था मुंबईत आहेत. कोकणात दानाचं नाव घेतलं की डोळ्यांसमोर येतात ते भागोजीशेठ कीर, ज्यांनी रत्नागिरीत सावरकरांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभं केलं. ते इथलेच, गरिबीतून वर आलेले, त्यामुळे त्यांचं देणं गावच्या मातीत उतरलं. मोरारजींची मुळं दुसरीकडची. माणूस दान करतो ते बहुधा जिथे आपलं मन गुंतलं आहे तिथे.

बोट सेवेला मात्र दान म्हणू नये. तिकीट काढून लोक जात होते आणि डेकवरच्या प्रवाशाचे हाल होत होते. तो धंदा होता. पण तिकिटाचे पैसे घेऊन का होईना, या किनाऱ्याला मुंबईशी बांधून ठेवणारी दुसरी सोय तेव्हा नव्हती. उपकार नाही म्हणून ऋणही नाही, असं मला वाटत नाही.

बोटी बंद का पडल्या?

एकच कारण सांगणारा माणूस अर्धं सांगतो. एसटी गावागावांत पोचली. मुंबई-गोवा रस्त्यावर पूल झाले आणि खाड्यांचा अडथळा गेला. बोट वर्षातले पावसाळी महिने बंद राहायची, पण खलाशांचा पगार, डागडुजी, विमा बारा महिने. बंदरं गाळाने भरत गेली. पडावातून चढउतार करण्याचा धोका लोक पर्याय नव्हता तोवर सोसत होते, दारात एसटी आल्यावर कशाला सोसतील? भाडं वाढवावं तर प्रवासी गरीब. १९६० च्या दशकात सिंदियाकडून ही सेवा गेली. नंतर चौगुल्यांनी आणि मग मोगल लाइनने ती चालवली. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ आठवणारी माणसं आज साठीच्या आसपास आहेत. पुढे त्याही थांबल्या. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली २६ जानेवारी १९९८ रोजी, सुमतीबेनच्या निधनाच्या पाच महिने आधी.

सिंदिया कंपनीचं शेवटी काय झालं?

सुमतीबेन १९७९ ते १९८७ अध्यक्ष होत्या. १९८० च्या दशकात जगभर मालभाडं कोसळलं आणि मोठ्या कर्जावर चालणाऱ्या कंपन्या अडचणीत आल्या. सिंदिया कर्जात बुडाली आणि १९८७ मध्ये सरकारने ताबा घेतला. त्या १९९२ पर्यंत मानद अध्यक्ष राहिल्या. ज्यांनी ताफा वाढवला त्यांच्याच हयातीत आणि त्यांच्याच अध्यक्षपदी तो हातचा गेला. त्यांच्यावरच्या गौरवाच्या लेखांत हा भाग गाळला जातो. तो गाळू नये. शाळा आणि शिपिंगची संस्था मात्र कंपनीपासून वेगळ्या होत्या म्हणून टिकल्या.

आमच्या गावातही जुन्या शेठजींच्या नावाचा न्यास आहे. त्याची माहिती कुठे मिळेल?

सार्वजनिक न्यासांची नोंद १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते. नोंदणी क्रमांक किंवा न्यासाचं नेमकं नाव घेऊन अर्ज केला की परिशिष्ट १ चा उतारा मागता येतो. त्यात उद्देश, विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता असते. विश्वस्त वारले आणि नवे आले की कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. कोकणातल्या पुष्कळ न्यासांचं घोडं इथेच अडतं, कारण वारस मुंबईत आणि इमारत गावात. न्यासाची जमीन विकायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. गावातली धर्मशाळा कुणी परस्पर विकायला काढली असेल, तर हे कलम लक्षात ठेवा.

घरात बोटीचं जुनं तिकीट, खलाशाचं पुस्तक, फोटो सापडले आहेत. काय करावं?

फेकू नका आणि लॅमिनेशन करू नका. लॅमिनेशनने कागद कायमचा अडकतो. कोकणच्या दमट हवेत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या कागदावर बुरशी धरते, म्हणून कोरड्या सुती कापडात किंवा साध्या जाड कागदाच्या पाकिटात ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा बाहेर काढून सावलीत वारा द्या. उन्हात नको. दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलवर काढा. मागे शिक्का, तारीख, बंदराचं नाव असलं तर ते वेगळं लिहून ठेवा.

त्याहून घाई आहे ती माणसांची. ज्यांनी पडावातून बोट गाठली ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना बोलतं करा आणि मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. बोटीचं नाव काय होतं, पडाव कुणाचा होता, डेकचं भाडं किती पडायचं, बोट चुकली तर रात्र कुठे काढायचात, एवढं विचारलंत तरी पुढचं ते आपणहून सांगतात. टिपलेल्या आवाजाची एक प्रत गावच्या वाचनालयात द्या, आणि सांगणाऱ्याचं नाव आणि बंदराचं नाव त्यावर लिहायला विसरू नका.